स्वच्छ नवऱ्याची भानगड

"असा मेंदू शतकातून एखादाच जन्माला येतो. त्याच्यापुढे गुन्हेगार आपण होऊन थरथरतात, कुलपं आपण होऊन उघडतात आणि सत्य, बिचारं, दोन्ही हात वर करून बाहेर येतं. तो मेंदू सध्या वरच्या मजल्यावर, डाव्या हाताला राहतो. पाय पुसून यावे."

ही आमच्या जिन्यातली पाटी. मजकूर भाऊजींचा, अक्षर माझं. 'गुन्हेगार' मधला 'गु' मी जरा मोठा काढला, म्हणून ते माझ्याशी दोन दिवस बोलले नव्हते. ते दोन दिवस घरात फार बरे गेले.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नोकरीत असताना ते पाणीखात्यात मीटर वाचायचे. दुसऱ्यांच्या घरात वाकून बघायची सवय खात्याच्या खर्चानं लागली, ती निवृत्त झाल्यावरही गेली नाही. मग त्यांनी एक भिंग आणलं, जुन्या बाजारातून एक लांब कोट आणला आणि मला आणलं. मी त्यांचा शालक, त्यांच्या स्कूटरचा चालक आणि तपास फसला की त्या तपासाचा मालक.

तपास फसत नाहीत असं भाऊजींचं म्हणणं. शेजारच्या आजीचं मांजर हरवलं तेव्हा भाऊजींनी दुपारपर्यंत मांजर शोधून दिलं होतं. ते वेगळं मांजर होतं, ही गोष्ट वेगळी.

त्या दिवशी सकाळी दारात एक बाई उभी राहिली. चाळिशीची, गळ्यात मापाची टेप, बाहीला टोचलेल्या दोन सुया. भाऊजींनी भिंग उचललं, तिच्याकडे रोखून बघितलं आणि म्हणाले, "तुम्ही परिचारिका आहात."

"मी शिवणकाम करते," बाई म्हणाली. "आणि साहेब, हा कोट तुमच्यासाठी शिवलेला नाही. खांद्याची शिवण कोपराशी आलीय."

भाऊजींनी कोपर पाठीमागे नेलं. "बसा. तक्रार सांगा."

बाई बसली. पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "साहेब, आमचे हे हल्ली स्वच्छ घरी येतात."

"हे म्हणजे?"

"हे म्हणजे आमचे हे."

"अच्छा. हे हे. आणि स्वच्छ येतात?"

"अगदी स्वच्छ."

"आणि ही तक्रार आहे?"

आतून माझ्या बहिणीचा आवाज आला. "त्यांना विचारा, दुसऱ्या कुणाला शिकवतील का म्हणावं."

भाऊजींनी आतलं दार लोटून घेतलं. बाई सांगू लागली. तिचा नवरा झाडं पाडायचं काम करायचा. वाळलेली, कललेली, कुणाच्या घरावर आलेली झाडं. दोर बांधून वर चढायचं, मशीनची करवत चालवायची आणि फांदी फांदी करत झाड खाली उतरवायचं.

"लग्न झाल्यापासून संध्याकाळी हे आले की उंबऱ्यावर उभं करून मी यांना झटकते," ती म्हणाली. "केसांत भुसा, कानांत भुसा, खिशात भुसा. हातांवर ओरखडे, डोळे लालभडक. आणि दिवसभर त्या मशीनपाशी राहून कान असे बसलेले, की 'जेवायला या' म्हटलं तर विचारायचे, 'कोण गेलं?' महिना झाला, सगळं बंद. भुसा नाही, ओरखडा नाही. आणि परवा..." तिचा आवाज खाली आला. "परवा मी स्वयंपाकघरात तोंडातल्या तोंडात पुटपुटले, ते यांना बाहेरच्या खोलीत ऐकू आलं."

"काय पुटपुटलात?"

"ते तपासाला लागेल का?"

"नाही."

"मग राहू दे."

"कामच सोडलं असेल त्यांनी," मी म्हणालो.

"मलाही तेच वाटलं होतं. पण दमून तेवढेच येतात. भूक तेवढीच. आता मला सांगा, स्वच्छ माणूस दमतो कशानं?" एवढं बोलून तिनं मापाची टेप बोटाभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. "विचारलं की म्हणतात, काही नाही, उगाच काहीतरी काढू नकोस. पण नजर चुकवतात. मला वाटतं साहेब, यांना घरी यायच्या आधी दुसरीच कुणीतरी झटकत असेल."

भाऊजींनी भिंग खाली ठेवलं.

"खरं काय असेल ते कळू दे," ती म्हणाली. "मग भावाकडे जायचं की नाही, ते माझं मी ठरवते."

"आणखी काही फरक? अंगावर खुणा?"

"आहेत की. केस हल्ली चपटे होऊन बसलेले असतात. कपाळावर आडवी रेघ असते. हनुवटीखाली पट्ट्याचा वळ. आणि कानांभोवती गोल खळगे, वाटी दाबून धरल्यासारखे."

भाऊजींनी डोळे मिटले. मेंदू चालू झाला की ते डोळे मिटतात. बहीण म्हणते की झोप लागली तरी तसंच करतात, म्हणून फरक कळत नाही.

बाई गेल्यावर त्यांनी डोळे उघडले. "कपाळावर रेघ. म्हणजे मुकुट. हनुवटीखाली पट्टा. म्हणजे घोडेस्वार. कानांभोवती खळगे. असे खळगे फक्त वैमानिकाला पडतात. काय निघतं?"

"काय?"

"घोड्यावर बसणारा राजा. आणि तो विमानही चालवतो."

"पण भाऊजी, असला राजा झाडं कशाला पाडेल?"

"विमान उतरवायला जागा नको?"

यापुढे बोलण्यात अर्थ नव्हता. मी स्कूटर पुसायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या नवऱ्याच्या मागे निघालो. साधा माणूस होता. धुतलेला सदरा, खांद्याला पिशवी, चालताना समोरच्या दगडाला पायानं हळूच बाजूला करायची सवय. बसमधून उतरला आणि एका मोठ्या फाटकातून आत गेला. आत झाडं पाडणाऱ्या कंपनीचं आवार होतं. एक ट्रक, ओंडक्यांचा ढीग, पत्र्याची एक शेड.

आम्ही समोरच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानाआड उभे राहिलो. म्हणजे मी आडोशाला होतो. भाऊजींचा कोट आडोशात मावत नव्हता.

थोड्या वेळानं फाटक उघडलं आणि ट्रक बाहेर आला. मागे चौघं बसले होते. चौघांच्या अंगात नारिंगी कपडे, डोक्यावर हेल्मेट, तोंडावर काळी जाळी, कानांवर जाड वाट्या, हातांत मोजे. पायात बूट एवढे भक्कम, की नुसते बूट चालत गेले असते तरी चाललं असतं.

"तो यांच्यात नाही," भाऊजी कुजबुजले.

"कशावरून?"

"यांना चेहरे नाहीत. त्याला होता. मी बघितला."

"भाऊजी, मला वाटतं..."

"वाटणं हे माझं काम. तुला काही वाटायचंच असेल तर घरी जाऊन पाट्यावर वाट."

ट्रक गेला. आम्ही फाटकावर नजर ठेवून राहिलो. ऊन चढलं, उतरलं. सायकलवाल्यानं आमच्या स्कूटरमध्ये दोनदा हवा भरली, कारण नुसतं उभं राहिलेलं त्याला चालत नव्हतं. नवरा काही बाहेर आला नाही. मग भाऊजींनी आवारात शिरायचं ठरवलं.

आत शेडमध्ये एक म्हातारा करवतीच्या साखळीला कानस लावत बसला होता. भिंतीवर खुंट्यांची रांग होती. चार खुंट्या सोडून बाकीच्यांवर हेल्मेटं टांगलेली होती. त्या चार खुंट्यांवर घरचे सदरे अडकवलेले होते आणि त्यातला एक सकाळचा, धुतलेला. मी भाऊजींची बाही ओढली. बाही आली, भाऊजी आले नाहीत. ती इतकी लांब होती की तेवढ्यानं त्यांना काही जाणवलं नसावं.

"सगळी माणसं कुठं आहेत?" भाऊजींनी त्या म्हाताऱ्याला दरडावलं.

"झाडावर."

"एक माणूस सकाळी आत आला. अजून बाहेर आला नाही. तो कुठं आहे?"

"तोही झाडावर."

"नीट उत्तर द्या."

म्हाताऱ्यानं कानस खाली ठेवली. "अहो, झाडं पाडणारी माणसं आहेत ती. झाडावर नाही तर काय टेबलावर असणार?"

भाऊजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "पढवून ठेवलंय याला. 'झाडावर' हा सांकेतिक शब्द आहे."

"भाऊजी, त्या खुंटीवर..."

"मला हरभऱ्याच्या झाडावर चढवू नकोस."

संध्याकाळी ट्रक परत आला. चौघं बिनचेहऱ्याचे शेडमध्ये गेले. आत पाणी ओतल्याचे आवाज आले. आणि मग फाटकातून बाहेर कोण आला? तोच नवरा. धुतलेला सदरा, खांद्याला पिशवी, डोक्यावर चपटे केस. अंगावर भुशाचा कण नाही. बसस्टॉपकडे जाताना वाटेतला एक दगड त्यानं पायानं बाजूला केला.

भाऊजी बराच वेळ त्या रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुझं काळीज घट्ट आहे ना?"

"आहे."

"सकाळी एक माणूस आत गेला तो गेला. आता बाहेर आला तो दुसरा."

हे त्यांनी मनातच ठेवलं असतं तर ही गोष्ट आमच्या घरातल्या घरात राहिली असती. पण भाऊजींना अशिलाला अहवाल द्यायची फार हौस. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही बाईच्या घरी गेलो. बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन, चिंध्यांचं गाठोडं, भिंतीला टांगलेले अर्धवट शिवलेले झगे. बाई पायानं मशीन चालवत होती.

"बाई, मन घट्ट करा," भाऊजी म्हणाले. "घरी येतो तो तुमचा नवरा नाही."

मशीन थांबलं.

"मग कोण आहे?"

"बदली. आता मी विचारतो त्याची सरळ उत्तरं द्या. घरी येतो तो माणूस तुमचं ऐकतो?"

"ऐकू येतं त्याला."

"पूर्वी?"

"नाही यायचं."

"हातपाय धड आहेत? डोळे स्वच्छ?"

"हो."

"मग तुम्हीच विचार करा. इतक्या वर्षांचा नवरा एकाएकी स्वच्छ राहायला लागतो, एकाएकी ऐकायला लागतो. बाई, असा नवरा निसर्गात आढळत नाही. तो तयार करावा लागतो."

बाईनं सुईखालचं कापड सरळ केलं. "घोरतात मात्र तसेच," ती म्हणाली.

"सराव केला असेल."

"उजव्या कुशीवर वळले की शीळ वाजते. तीही तशीच."

"कसून सराव केलाय."

ती हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. तिनं दातानं दोरा तोडला आणि तो तोंडातच राहिला. नवरा बदललाय यावर तिचा विश्वास बसला नव्हता, कुणाचाही बसणार नाही. पण शोध घेणाऱ्या माणसालाही सरळ उत्तर मिळालं नाही, म्हणजे उत्तर वाईटच असणार, असं तिनं धरलं. ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

"आता कुठं काम चाललंय यांचं?" तिनं मला विचारलं.

आवारातल्या फळ्यावर मी ते वाचलं होतं. "मोठ्या चौकातल्या सलूनच्या मागं. उद्याही तिथंच आहे."

"बरं," ती म्हणाली आणि मशीनवर कापडाचं टोपडं घातलं. आम्ही निघालो तेव्हा ती कपाटाच्या वर बॅग शोधत होती.

खुंटीवरच्या सदऱ्याचं तिला सांगावं, असं माझ्या जिभेवर आलं होतं. पण एका दुपारी एका बाईच्या अंगावर किती तर्क टाकायचे? शिवाय माझा चुकला असता तर? आमच्या घराण्यात तर्क बरोबर येण्याची पद्धत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी मात्र हट्ट धरला. आवारावर नाही, झाडावर जायचं. भाऊजी तयार झाले, कारण स्कूटर मी चालवत होतो.

झाड मोठं होतं. आतून वाळवीनं खाल्लेलं, वरून वाळलेलं आणि असं कललेलं, की सलूनच्या छपरावर त्यानं मान टाकली होती. सलूनवाला दारात उभा होता. "महिनाभर दाढी करताना एक डोळा गिऱ्हाइकावर आणि एक डोळा छतावर," तो म्हणाला. "तिघांना कापलंय मी. त्यातला एक माझा साडू."

झाडाभोवती दोरी बांधून मोठं रिंगण केलं होतं. दोघं खाली फांद्या ओढत होते, एक दोर धरून होता आणि एक उंच शेंड्याजवळ पट्ट्यानं बांधलेला, करवत चालवत होता. मुकादम शिट्टी घेऊन रिंगणाच्या कडेला.

"दोरीच्या आत यायचं नाही," मुकादम म्हणाला.

भाऊजींनी कोटाची कॉलर वर केली. "मी तपासणीला आलोय."

यात एक शब्दही खोटा नव्हता. पण मुकादमाचा चेहरा एकदम बदलला. 'तपासणी' म्हणजे कुठल्या तरी खात्याचा माणूस, असं त्यानं धरलं. "या साहेब, या. आधी सांगायचं ना. पण साहेब, नियम म्हणजे नियम. तुम्हालाही घालावं लागेल."

त्यानं ट्रकमधून सामान काढलं आणि भाऊजींना लहान मुलासारखं एकेक चढवायला सुरुवात केली. मला नुसतं हेल्मेट मिळालं. माझ्याकडे बघून कुणालाच तपासणीची भीती वाटत नाही.

"हे हेल्मेट. हा पट्टा हनुवटीखाली घट्ट लावायचा. नाहीतर डोकं एकीकडे, हेल्मेट एकीकडे. ही जाळी तोंडावर. भुसा आणि काटक्या डोळ्यांत जात नाहीत. या वाट्या कानांवर, मशीनच्या आवाजासाठी. तुमच्याशी बोलायचंय म्हणून सध्या वर करून ठेवतो. ही विजार घ्या साहेब. हिच्या आत धाग्यांचे थर आहेत. करवत चुकून मांडीला लागली तर धागे साखळीत गुंततात आणि मशीन जागच्या जागी बसतं. हे मोजे. हे बूट, पुढे पोलाद आहे. आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घ्यायची म्हटली तरी जमणार नाही."

मी भाऊजींकडे बघत होतो. कपाळावरची रेघ, हनुवटीचा वळ, कानांचे खळगे, अंगाला न लागणारा भुसा. मुकादमानं सगळं प्रकरण त्यांच्या अंगावर चढवून, वर पट्टा आवळून दिलं होतं. आता तरी उजेड पडेल.

भाऊजी जाळीतून म्हणाले, "ही सगळी माणसं चेहरा लपवून कुणापासून वाचताहेत?"

"फांद्यांपासून, साहेब."

"फांद्या." भाऊजी माझ्या कानाशी आले. जाळी माझ्या गालाला टोचली. "टोळीचं नाव कळलं. हिच्या शाखा बऱ्याच असणार. मुळापर्यंत जावं लागेल."

"भाऊजी, त्या नवऱ्यानं हेच..."

"मुळाकडे चल."

आणि ते खरंच खोडाकडे चालायला लागले. मुकादमानं शिट्टी फुंकली. वरच्या माणसानं करवत थांबवली, पण एक सुटलेली फांदी वाटेत होती. मनगटाएवढी जाड. ती दुसऱ्या फांदीवर आपटली, वळली आणि भाऊजींच्या डोक्यावर आली.

टण्ण.

भाऊजी जमिनीवर बसले. कोट त्यांच्याभोवती तंबूसारखा पसरला. आम्ही सगळे धावलो. बहिणीला काय सांगायचं, हा एकच विचार डोक्यात. मी जाळी वर केली. आत भाऊजींचे डोळे उघडे होते.

"कुणीतरी दार वाजवलं," ते म्हणाले. "आत या म्हणावं."

मुकादमानं त्यांच्या हेल्मेटवरून हात फिरवला. वर एक पांढरा ओरखडा उठला होता. "हे नसतं साहेब," तो हळूच म्हणाला, "तर पुढची तपासणी तुमची झाली असती." मग त्यानं भाऊजींना दंडाला धरून दोरीबाहेर आणलं आणि तिथंच एका ओंडक्यावर बसवलं.

दोरीपाशी बाई उभी होती. हातात बॅग. सगळं बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"यांच्यात तुमचा नवरा नाही," भाऊजी बसल्या बसल्या तिला म्हणाले. डोक्यावर फांदी पडूनही मत बदललं नव्हतं. "चौघंही बिनचेहऱ्याचे आहेत."

बाईनं त्यांच्याकडे बघितलं नाही. ती वर बघत होती. शेंड्याजवळचा माणूस खोडाला पाठ टेकून उभा होता. एक पाय फांदीवर आणि दुसऱ्या पायाची टाच पहिल्या पायावर.

"तो वरचा," ती म्हणाली.

"कशावरून?" मी विचारलं.

"डावा खांदा उतरता आहे. सदरा शिवताना त्या बाजूला मला बोटभर कापड कमी धरावं लागतं. आणि भांडणात असेच उभे राहतात, पायावर पाय ठेवून. आपण होऊन तोल घालवतील, पण पाय खाली ठेवणार नाहीत." तिनं बॅग खाली ठेवली आणि वर तोंड करून हाक मारली, "अहो!"

मुकादमानं वळून बघितलं. दोर धरणाऱ्यानं बघितलं. फांद्या ओढणाऱ्या दोघांनी बघितलं. सलूनवाला वस्तरा घेऊन बाहेर आला, त्याच्यामागून अर्ध्या तोंडाला फेस लावलेलं एक गिऱ्हाईक आलं आणि भाऊजीसुद्धा "काय?" म्हणाले. वळून बघितलं नाही ते फक्त ज्याला हाक मारली होती त्यानं. त्याच्या कानांवर वाट्या होत्या.

मुकादमानं दोराला दोन हिसके दिले. वरच्यानं खाली बघितलं. आणि मग तो जो थांबला, तो इतका वेळ, की मला वाटलं आता हा वरच राहायला जातो. शेवटी दोरावरून घसरत तो खाली आला. पट्टा सोडला. वाट्या वर केल्या, जाळी वर केली, मोजे काढले, हेल्मेट काढलं. चपटे केस, कपाळावर रेघ. अंगभर भुसा होता, फक्त तो सगळा नारिंगी कपड्यांवर होता.

"तू इथं?" तो म्हणाला.

"तुम्ही हे घालता?"

खिसा कापताना हात धरल्यावर माणूस जसा बघेल तसा तो बघत होता. "घालतो."

"कधीपासून?"

"महिना झाला. इथंच ठेवतो सगळं, आवारात. अंघोळ करून येतो घरी."

"मला का नाही सांगितलंत? मी काय काय..."

तो बुटाच्या टोकानं भुसा उकरत राहिला. "लग्न झाल्यापासून तू मागं लागली होतीस. डोक्यावर घाला, डोळ्यांवर घाला. मी काय म्हणायचो? माझ्या बापानं उघड्या डोक्यानं झाडं पाडली. डोक्यात पातेलं घालून झाडावर चढायला मी बुजगावणं आहे का? तुझ्या भावासमोर म्हणालो होतो, मेलो तरी घालणार नाही."

"म्हणून तर मी सांगायचं सोडून दिलं."

"हं. तू सोडून दिलंस." त्यानं हातातलं हेल्मेट उलटं केलं. "गेल्या महिन्यात एक वाळकी फांदी न सांगता खाली आली. कानाला वारा लागला, इतक्या जवळून. अशा वेळी म्हणे देव आठवतो. मला तू आठवलीस. बडबडताना."

सलूनवाल्यानं वस्तरा मिटला.

"दुसऱ्या दिवशी मुकादमाकडून सगळं मागून घेतलं. घरी सांगणार होतो. रोज म्हणायचो, आज सांगू. पण सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस..."

"काय म्हणाले असते?"

"आता म्हण की."

बाईनं नाक ओढलं. "मी सांगत होते," ती म्हणाली. आणि मग इतका वेळ आवरलेलं रडू तिला आलं.

"हेच," नवरा मुकादमाला म्हणाला. "हेच ऐकायचं नव्हतं मला."

मुकादमानं मान हलवली. त्याच्याही घरी बायको असावी. सलूनवाला आणि गिऱ्हाईक यांनीही हलवली. फेस सांडला.

बाईनं डोळे पुसले आणि एकदम तिचा आवाज घरच्यासारखा झाला. "मग आता का काढलंत डोक्यावरचं? वर फांद्या लोंबताहेत अजून. घाला आधी."

त्यानं मुकाट्यानं घातलं. तिनं पुढं होऊन हनुवटीखालचा पट्टा बोट घालून बघितला. "सैल आहे," म्हणाली आणि एक छिद्र आत घेतला. मग खांद्यावरचा भुसा झटकला. गरज नव्हती, पण झटकला.

तो वर जायला वळला आणि त्याची नजर जमिनीवर गेली. "बॅग कसली?"

ती क्षणभरच अडखळली. "गिऱ्हाइकांचे कपडे. द्यायला निघाले होते, वाटेत आले."

"बरं," तो म्हणाला. त्याला ते पटलं, का त्यालाही तेवढंच ऐकायचं होतं, हे मला कळलं नाही. तो दोराकडे गेला.

बॅगेची चेन पूर्ण लागलेली नव्हती. तिच्यातून कंगव्याचं टोक आणि घरात घालायच्या चपलेची टाच डोकावत होती. हे मी बघितलं. आणि माझ्या शेजारी, ओंडक्यावरून उठत, भाऊजींनीही बघितलं. त्यांचा हात भिंगाकडे गेला. डोळे मिटले गेले, उघडले गेले. हेल्मेटखाली त्यांचा चेहरा एखाद्या दिव्यासारखा उजळला.

"एक मिनिट," भाऊजी म्हणाले. "गिऱ्हाइकांच्या कपड्यांत कंगवा आणि चप्पल? बाई, या बॅगेवरून असं सिद्ध होतं..."

बाईनं माझ्याकडे बघितलं. मी हात वर केला आणि भाऊजींच्या हेल्मेटच्या दोन्ही वाट्या त्यांच्या कानांवर घट्ट खाली ओढल्या. त्याच वेळी वर करवत सुरू झाली. भाऊजी बोलतच राहिले. बोट उगारून, बॅगेकडे दाखवून, ओठ हलवत, एकेक मुद्दा मांडत. त्यांच्या आयुष्यातला तो एकुलता एक अचूक निष्कर्ष होता आणि तो कुणालाही ऐकू आला नाही. त्यांना स्वतःलासुद्धा नाही.